विषाणूचा ताप, रक्ताच्या गुठळ्या आणि कातडीचा रंग

२०२०च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने कोविडने दगावलेल्यांची वर्णवार आकडेवारी जाहीर केली. राज्याच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय जेमतेम एक तृतीयांश, पण मृतांमध्ये त्यांचा वाटा ७० टक्के. ब्रिटनमध्ये कोविडने गेलेल्या पहिल्या १० डॉक्टरांची नावे एकेक करून बाहेर आली, तेव्हा ते सगळेच अल्पसंख्याक वंशगटांतले असल्याचे दिसले. त्याच आठवड्यांत न्यूयॉर्कपासून मिलानपर्यंतचे आयसीयू वेगळ्याच गोष्टीने चक्रावले होते. आजार फुप्फुसाचा, पण रुग्णांचे रक्त जागोजागी गोठत होते. डायलिसिसच्या नळ्या तुंबत होत्या आणि पन्नाशीच्या आतल्या माणसांना पक्षाघाताचे झटके येत होते.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. काही वंशांचे रक्तच मुळात लवकर गोठते का? त्याचे थोडे उत्तर रक्तात आहे. बरेचसे उत्तर रक्ताबाहेर आहे: घरात, नोकरीत, मधुमेहात, बोटाला लावायच्या यंत्रात आणि डॉक्टरांच्या कानात. वाचकाच्या कामाचा भाग हा दुसराच, कारण तो आपल्याला बदलता येतो. सावळ्या कातडीच्या माणसाची गुठळी उशिरा ओळखली जाते आणि तो उशीर टाळता येतो.

तापात रक्त का गोठते?

जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ मध्ये शिरांमधल्या गुठळ्यांवर मूलभूत काम प्रसिद्ध केले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी तीन कारणे आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी शिकतो: रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्तातच गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. विषाणूचा जोरदार ताप ही तिन्ही कारणे एकदम आणतो. माणूस अंथरुणाला खिळतो, पाणी कमी पितो. शरीरात दाह पेटतो आणि त्या दाहात गोठण्याची यंत्रणा जागी होते. कोविडच्या विषाणूने तर रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाच लक्ष्य केले. जर्मनीतल्या संशोधकांनी कोविडने मरण पावलेल्या ७ जणांची फुप्फुसे तपासली, तेव्हा सूक्ष्म केशवाहिन्यांतल्या गुठळ्यांचे प्रमाण फ्लूने मेलेल्यांच्या ९ पट निघाले. नेदरलँड्समधल्या तीन रुग्णालयांच्या आयसीयूत पहिल्या लाटेत पाहिलेल्या १८४ रुग्णांपैकी ३१ टक्क्यांना गुठळीशी संबंधित गुंतागुंत झाली होती.

हा केवळ कोविडचा प्रताप नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातला २०१८चा अभ्यास सांगतो, की फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता एरवीच्या ६ पट होते. हृदयविकाराचा झटकाही बहुधा गुठळीचाच असतो, फक्त ती धमनीत होते.

ताप उतरला म्हणजे धोका संपला, असेही नाही. स्वीडनमध्ये १० लाखांहून अधिक कोविडग्रस्तांचा मागोवा घेतला गेला. पायातल्या गुठळीचा वाढलेला धोका ३ महिन्यांपर्यंत आणि फुप्फुसातल्या गुठळीचा ६ महिन्यांपर्यंत टिकलेला आढळला. रुग्णालयात दाखल झालेल्यांत तो सर्वाधिक होता, पण घरीच बरे झालेल्यांतही काही प्रमाणात होताच. म्हणून तापानंतर दोन महिन्यांनी पाय सुजला तर तो ताप डॉक्टरांना आठवणीने सांगावा.

वंशाचा वाटा किती?

साथ येण्याआधीपासून एक गोष्ट माहीत होती. शिरांमधल्या गुठळ्या आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांत गोऱ्यांपेक्षा जास्त आणि चिनी व इतर आशियाई वंशाच्या लोकांत कमी आढळतात. डब्लिनच्या सेंट जेम्स रुग्णालयातल्या रुग्णांचा अभ्यास करणाऱ्या प्रा. जेम्स ओ’डॉनेल आणि सहकाऱ्यांनी २०२०च्या वसंतात याच धाग्यावर बोट ठेवले. चीनपेक्षा युरोप-अमेरिकेत आजार अधिक जीवघेणा ठरण्यामागे, आणि वंशावंशांतल्या फरकामागे, गोठण्याच्या प्रवृत्तीचाही हात असू शकेल, अशी शक्यता त्यांनी मांडली.

ती शक्यता विचारात घेण्याजोगी होती, पण लुइझियानातूनच आलेली दुसरी आकडेवारी तिच्या शेजारी ठेवून वाचायला हवी. तिथल्या ऑक्सनर या आरोग्यसंस्थेच्या नेहमीच्या रुग्णांत कृष्णवर्णीय ३१ टक्के होते, पण कोविडने दाखल झालेल्यांत ते जवळजवळ ७७ टक्के आणि मृतांत ७१ टक्के निघाले. मात्र दाखल होताना प्रकृती किती बिघडलेली होती आणि इतर कोणते आजार होते, याचा हिशेब धरल्यावर रुग्णालयातल्या मृत्यूच्या शक्यतेत काळ्या-गोऱ्यांत फरक उरला नाही. तफावत पडली ती रुग्णालयाच्या दाराबाहेर. लागण कोणाला जास्त झाली, बस चालवायला आणि दुकानात उभे राहायला कोणाला जावे लागले, बीपी-शुगरवर वेळेत उपचार कोणाला मिळाले नव्हते आणि दारापर्यंत कोण उशिरा पोहोचले, यांवर ती ठरली.

आपल्या लोकांचा या आकड्यांशी थेट संबंध आहे. ब्रिटनमध्ये १ कोटी ७० लाख लोकांच्या नोंदी तपासणाऱ्या २०२०च्या अभ्यासात कृष्णवर्णीयांबरोबरच दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांचाही मृत्यूचा धोका जास्त निघाला. लंडन-लेस्टरमधली मराठी घरे त्यात आली. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी एका जनुकाकडे बोट दाखवले. त्याचे धोकादायक रूप दक्षिण आशियाई वंशाच्या सुमारे ६० टक्के लोकांत, तर युरोपीय वंशाच्या १५ टक्के लोकांत असते आणि ते कोविडमध्ये श्वसन निकामी होण्याची शक्यता साधारण दुप्पट करते. हे जनुक रक्ताचे नाही. विषाणूला फुप्फुसाच्या पेशी कसे तोंड देतात, याच्याशी त्याचा संबंध आहे. आफ्रिकी-कॅरिबियन लोकांत ते अवघ्या २ टक्क्यांत सापडते, तरी त्यांचे मृत्यू जास्तच झाले. एकाच जनुकावर सगळे खापर फोडता येत नाही, ते यामुळे.

रक्ताशी खरोखर नाते असलेली एक गोष्ट मात्र महाराष्ट्रातही आहे, ती म्हणजे सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. रुग्णांना गुठळीचा धोका असतोच. पण एरवी ठणठणीत असलेल्या वाहकांमध्येही फुप्फुसातल्या गुठळीची शक्यता साधारण दुप्पट असते, हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. घरात कोणी वाहक असेल तर तापात दाखल होताना केसपेपरवर ते लिहून घ्या. डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका.

आपला स्वतःचा धोका मोजा

वंशगटाची सरासरी ही गटाची असते, तुमची नव्हे. तुमचा धोका खालच्या यादीवरून ठरतो.

- पूर्वी स्वतःला, किंवा आई-वडील-भावंडांपैकी कोणाला, पायात वा फुप्फुसात गुठळी झालेली असणे
- कर्करोग, किंवा त्यावरचे उपचार चालू असणे
- गेल्या ३ महिन्यांत मोठी शस्त्रक्रिया, हाड मोडणे, प्लास्टर
- गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे ६ आठवडे
- इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या
- साठीपुढचे वय, लठ्ठपणा, धूम्रपान
- मूत्रपिंडाचा जुना आजार, सिकलसेल

यातल्या दोन मुद्द्यांवर जरा थांबायला हवे. पहिला वजनाचा. दक्षिण आशियाई शरीरात चरबी पोटाभोवती साठते आणि मधुमेह, हृदयविकार कमी वजनालाच गाठतात. म्हणून ब्रिटनची नाइस ही मार्गदर्शक संस्था आपल्यासाठी वेगळी पट्टी वापरते: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३ला वजन जास्त, २७.५ला लठ्ठपणा. उंची ५ फूट ५ इंच, म्हणजे १६५ सेंटिमीटर धरा. गोऱ्या माणसाला ६८ किलोपर्यंत प्रमाणात मानले जाते, आपली रेषा साधारण ६२-६३ किलोलाच संपते. लठ्ठपणाची रेषा त्याच्यासाठी ८२ किलोच्या आसपास, तर आपल्यासाठी ७५. ‘खाऊनपिऊन सुखी’ दिसणारा माणूस डॉक्टरी हिशेबात कधीच पलीकडे गेलेला असू शकतो.

दुसरा मुद्दा बाळंतिणीचा. आपल्याकडचा सव्वा महिना आणि गुठळीचा सर्वांत धोक्याचा काळ नेमके एकत्र येतात. विश्रांती हवीच, पण विश्रांती म्हणजे खाटेवरून न उतरणे नव्हे. बाळंतिणीला ताप आला असेल, सिझेरियन झालेले असेल, तर तिला घरातल्या घरात चालवा, पाणी भरपूर द्या आणि दवाखान्याने दिलेली इंजेक्शने मध्येच बंद करू नका.

ऑक्सिमीटर कसा वाचावा

कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर आजही अनेक घरांत ड्रॉवरमध्ये पडून आहे. तो बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश पाठवतो आणि पलीकडे किती पोहोचला यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज बांधतो. कातडीतले मेलॅनिनही हा प्रकाश शोषते. त्यामुळे गडद कातडीवर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते.

हे किती घडते, ते मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०२०च्या डिसेंबरमध्ये दाखवून दिले. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजन ८८च्या खाली निघाला, असे कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा घडले आणि गोऱ्यांत ३.६ टक्के वेळा. पुढे २०२२ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी कोविडच्या रुग्णांत तेच पाहिले. आशियाई रुग्णांतही यंत्राचा आकडा फुगलेला होता आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक रुग्णांना उपचारांची गरज आहे हे उशिरा लक्षात आले. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये लोकांना सावध केले आणि २०२५च्या जानेवारीत उत्पादकांसाठी नव्या चाचण्यांचा मसुदा काढला. तो पक्का होईपर्यंत आणि त्यानंतरही, घरातले यंत्र घरच्यांनीच शहाणपणाने वापरायचे आहे.

तब्येत चांगली असतानाच स्वतःचा नेहमीचा आकडा मोजून ठेवा आणि तारखेसह लिहा. मोजण्याआधी ५ मिनिटे शांत बसा. हात गार असतील तर चोळून गरम करा. नेलपॉलिश पुसा. लग्नाची किंवा श्रावणातली गडद मेंदी बोटाच्या टोकावर असेल तर न रंगलेले बोट निवडा. हात छातीच्या पातळीवर स्थिर धरा आणि आकडा थरथरायचा थांबेपर्यंत, निदान मिनिटभर, वाट पाहा. यंत्राने दाखवलेले नाडीचे ठोके मनगटावर मोजलेल्या ठोक्यांशी जुळत नसतील तर तो आकडा सोडून द्या.

९५ किंवा वर साधारणपणे ठीक. ९३-९४ म्हणजे त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणे. ९२ किंवा कमी म्हणजे रुग्णालय. पण सावळ्या माणसाने याला एक नियम जोडावा: नेहमी ९८ असणारा आकडा ९४-९५वर उतरला आणि धाप लागत असेल, तर ‘अजून ९४ आहे की’ म्हणून बसू नका. नियामकाच्याच म्हणण्यानुसार यंत्रावरचे ९० हे प्रत्यक्षात ८६ ते ९४ यांच्यामधले काहीही असू शकते. यंत्र आणि माणूस यांच्यात मतभेद झाला तर माणसाचे ऐका. एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागत असेल तर आकडा कितीही असो, निघा.

कोविडकाळात महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने सुचवलेली ६ मिनिटांची चालण्याची चाचणीही उपयोगी आहे. बसून आकडा घ्या, घरातल्या सपाट जागेवर ६ मिनिटे चाला, पुन्हा घ्या. आकडा ३ने किंवा जास्त घसरला, ९३च्या खाली गेला किंवा धाप लागली तर डॉक्टरांकडे जायला हवे. साठीपुढच्यांना ३ मिनिटे पुरेत. बसल्याजागी धाप लागणाऱ्याने, किंवा दम्याच्या रुग्णाने, ही चाचणी करू नये.

सावळ्या कातडीवरची लक्षणे

पुस्तकातली वर्णने गोऱ्या कातडीवर बेतलेली असतात. गुठळी झालेला पाय ‘लालसर’ होतो, ऑक्सिजन कमी पडलेले ओठ ‘निळे’ होतात, असे त्यांत वाचायला मिळते. आपल्या पायावर तो लालपणा अनेकदा दिसतच नाही. कातडी थोडी गडद, जांभळट किंवा नुसतीच ताणलेली, चकचकीत दिसते. म्हणून डोळ्यांपेक्षा हातावर आणि टेपवर भरवसा ठेवा.

घरात शिवणकामाची टेप असतेच. पाय सैल सोडून बसा. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडावर एक उंचवटा हाताला लागतो. तिथून खाली १० सेंटिमीटरवर पेनने खूण करा. टेप न आवळता पोटरीभोवती फिरवून माप घ्या. दुसऱ्या पायाचे तसेच घ्या. दोहोंत ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो डॉक्टरांच्या गुठळीच्या गुणपत्रिकेतलाही एक मुद्दा आहे. मग दोन्ही पोटऱ्यांना हाताची पालथी बाजू लावून पाहा, एक जास्त गरम लागते का. घोट्याजवळ अंगठ्याने १० सेकंद दाबा, एकाच पायावर खळगा राहतो का.

‘पोटरीत गोळा आलाय’, ‘वात आहे’ म्हणून तेल लावून जोरात चोळणे ही आपली पहिली प्रतिक्रिया असते. एकाच पायाला सूज आणि दुखणे असेल तर ती टाळा. गोळा काही मिनिटांत उतरतो, गुठळीचे दुखणे तासन्‌तास राहते आणि वाढते. चोळण्याने गुठळी सुटून पुढे सरकण्याची भीती असते. घाटात दरड कोसळून वरची सगळी वाहतूक अडावी, तसे ती फुप्फुसातली रक्तवाहिनी बंद करते.

फुप्फुसापर्यंत पोहोचलेल्या गुठळीची खूण म्हणजे अचानक लागलेली धाप, श्वास आत घेताना टोचणारी छाती, बसल्याजागी धडधडणारे काळीज, थुंकीतून रक्त, किंवा चक्कर येऊन कोसळणे. ऑक्सिजन कमी पडतोय का हे ओठांच्या बाहेरच्या रंगावरून ठरवू नका. खालचा ओठ उलटा करून आतली बाजू, हिरड्या, जीभ आणि नखांखालचा रंग पाहा. तो राखट किंवा जांभळट दिसला तर वेळ घालवू नका. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे ही मेंदूतल्या गुठळीची लक्षणे आहेत. यातले काहीही झाले तर महाराष्ट्रात १०८, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९.

घरी काय करावे, काय करू नये

ताप असताना जागेपणी दर तासाला उठून घरात थोडे चाला. उठवत नसेल तर पडल्यापडल्या पाऊल वर-खाली हलवा, म्हणजे पोटरीचे स्नायू रक्त पुढे ढकलतात. पाणी, पेज, ताक, सरबत घोटघोट चालू ठेवा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

‘रक्त पातळ राहावे’ म्हणून स्वतःहून ॲस्पिरिन घेऊ नका. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत सुमारे १५,००० दाखल रुग्णांपैकी निम्म्यांना ॲस्पिरिन देऊन पाहिले गेले, त्याने मृत्यू टळले नाहीत. सौम्य आजाराच्या, घरीच असलेल्या रुग्णांना ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या देऊनही फायदा दिसला नाही. आपल्याकडे तर धोका दुहेरी आहे. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा असू शकतो आणि डेंग्यूत प्लेटलेट्स घसरून रक्तस्रावाची भीती असते. तेव्हा निदान होईपर्यंत ॲस्पिरिन नाही, आयबुप्रोफेन नाही, डायक्लोफिनॅकचे इंजेक्शनही नाही. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे.

हृदयविकारासाठी, झडपेसाठी किंवा जुन्या गुठळीसाठी ज्यांना आधीपासूनच ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमरॉल चालू आहे, त्यांनी तापात ते आपल्या मनाने थांबवूही नये. डेंग्यूची शंका असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. वॉरफरिनसारख्या गोळ्यांवर असताना खाणे कमी झाले किंवा अँटिबायोटिक सुरू झाले, तर रक्त किती पातळ झाले ते दाखवणारा आयएनआर पुन्हा तपासून घ्यावा लागतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईने जोरदार आजारात अंथरुणाला खिळल्यास डॉक्टरांना तसे सांगावे.

पुण्या-मुंबईहून मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी विमानप्रवासाचाही विचार करायला हवा. ४ तासांपेक्षा जास्त बसून केलेल्या प्रवासाने गुठळीचा धोका वाढतो आणि लंडनची उड्डाणे त्याच्या दुपटीहून जास्त वेळ घेतात, अमेरिकेची तर त्याहून जास्त. नुकताच मोठा ताप येऊन गेला असेल किंवा रुग्णालयातून सुटून थोडेच दिवस झाले असतील, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. पायाच्या मापाचे घट्ट मोजे लागतील का, इंजेक्शन लागेल का, हे त्यांनाच ठरवू द्या. विमानात येण्याजाण्याच्या वाटेकडची जागा घ्या आणि अधूनमधून उठा.

डॉक्टरांशी कसे बोलावे

डॉ. सुझन मूर या इंडियाना राज्यातल्या कृष्णवर्णीय डॉक्टर होत्या. २०२०च्या डिसेंबरमध्ये कोविडने रुग्णालयात असताना त्यांनी फेसबुकवर व्हिडिओ टाकला. आपल्याला धाप लागते आहे, वेदना होत आहेत, पण त्यावर विश्वास ठेवला जात नाही, आपण गोऱ्या असतो तर असे झाले नसते, असे त्यांनी त्यात सांगितले. त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी त्या गेल्या. वय ५२. वैद्यकीय भाषा तोंडपाठ असलेल्या बाईचे ऐकले जात नसेल, तर मोडक्या इंग्रजीत बोलणाऱ्या सासूबाईंचे काय, हा प्रश्न परदेशातल्या प्रत्येक मराठी घराने स्वतःला विचारावा. यात निव्वळ दुष्टपणा शोधायचे कारण नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१६च्या अभ्यासात साधारण निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आणि निवासी डॉक्टरांनी काळ्या माणसाच्या शरीराबद्दलचे एक ना एक खोटे विधान खरे मानले होते. काळ्यांची कातडी जाड असते, हे त्यातलेच एक.

आपल्याकडे रंगापेक्षा पैसा, भाषा, गाव, जात आणि बाईपण आडवे येते. पाड्यावरून आलेल्या बाईची धाप ‘घाबरली आहे’ म्हणून मोडीत काढली जाते. उपाय मात्र दोन्हीकडे सारखाच: मोघम बोलू नका. ‘बरं वाटत नाही’ याऐवजी असे सांगा: ‘मला ९ दिवसांपूर्वी ताप सुरू झाला. काल संध्याकाळपासून उजवी पोटरी सुजली आहे, डावीपेक्षा ४ सेंटिमीटर जास्त आहे. आज जिना चढताना अचानक धाप लागली. नेहमी ऑक्सिजन ९८ असतो, आता ९४ आहे. माझ्या आईला गुठळी झाली होती.’ मग थेट विचारा: ‘ही गुठळी असू शकते का? नसेल, तर कशावरून?’ उत्तर समाधानकारक नसेल तर म्हणा, ‘मी हे विचारले आणि तुम्ही काय सांगितले, ते कागदावर लिहाल का?’ आवाज चढवण्याची गरज पडत नाही. लिहायची वेळ आली की बहुतेक डॉक्टर पुन्हा एकदा तपासतात. ऑक्सिमीटरच्या आकड्याबद्दल शंका असेल तर धमनीतल्या रक्ताची तपासणी, म्हणजे एबीजी, गरजेची आहे का हेही विचारता येते.

परदेशात काही हक्क हाताशी आहेत. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये दुभाषा मोफत मिळतो. तिथल्या अनेक रुग्णालयांत २०२४ पासून ‘मार्थाज रूल’ लागू झाला आहे: रुग्णाची प्रकृती बिघडते आहे आणि आपले ऐकले जात नाही असे वाटल्यास कुटुंब दुसऱ्या पथकाकडून तातडीची पाहणी मागू शकते. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी दुभाषा देणे बंधनकारक आहे, आणि १९८६च्या कायद्याने तातडीच्या विभागाला पैसे न पाहता रुग्णाला तपासून स्थिर करावे लागते. बिलाच्या धास्तीने आई-बाबांची छातीदुखी सकाळपर्यंत पुढे ढकलू नका.

तपासण्या आणि उपचार

डी-डायमर ही गुठळी विरघळताना तयार होणाऱ्या तुकड्याची तपासणी आहे. ती नॉर्मल असेल आणि लक्षणांवरून शक्यताही कमी असेल, तर गुठळी बहुधा नाही. पण ती वाढलेली असेल तर गुठळी आहेच, असे ठरत नाही, कारण ताप, गरोदरपण आणि वाढते वय यांनीही ती वाढते. साथीत लोक मनाने लॅबमध्ये जाऊन डी-डायमर करून घेत आणि रिपोर्ट पाहून गळाठून जात. लक्षणे नसताना ही तपासणी करण्यात अर्थ नाही. पायासाठी डॉपलर सोनोग्राफी आणि फुप्फुसासाठी कॉन्ट्रास्ट देऊन केलेला सीटी स्कॅन या तपासण्या गुठळी प्रत्यक्ष दाखवतात.

दाखल रुग्णांना गुठळी टाळण्यासाठी बहुधा रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा छोटा डोस पोटाच्या कातडीखाली देतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत असे दिसले, की कोविडने मध्यम आजारी असलेल्यांना हेपॅरिनच्या पूर्ण डोसाचा फायदा झाला, पण आयसीयूतल्या अतिगंभीर रुग्णांना झाला नाही. ‘जास्त दिले म्हणजे जास्त बरे’ हे गणित इथे लागू पडत नाही. घरी सोडताना ब्राझीलमधल्या ३२० जास्त धोक्याच्या रुग्णांपैकी निम्म्यांना ३५ दिवस रिव्हरॉक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी दिली गेली आणि त्यांच्यात गुठळ्या कमी झाल्या. म्हणजे घरी आल्यावर गोळ्या लागतात, पण काहींनाच. डिस्चार्जच्या कागदावर त्या असतील तर किती दिवस घ्यायच्या ते आकड्यात लिहून घ्या. कोणत्या रक्तस्रावाला घाबरून परत यायचे, हेही विचारा: शौचाला काळे होणे, न थांबणारे नाकातले रक्त, डोके आपटणे.

या सगळ्याची तयारी ताप येण्याआधी अर्ध्या तासात होते. एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचे नाव, वय, वजन, नेहमीचा ऑक्सिजनचा आकडा, चालू औषधे त्यांच्या डोससह, घराण्यातली गुठळी, सिकलसेलची स्थिती आणि लशींच्या तारखा लिहा. कागदाचा फोटो काढून घरच्यांच्या ग्रुपवर टाका, मुले परदेशात असतील तर त्यांनाही पाठवा. वर्षातून एकदा, फ्लूची लस घ्यायच्या दिवशी, तो ताजा करा. रात्री दोन वाजता तातडीच्या विभागात पोहोचाल, तेव्हा हा कागद डॉक्टरांच्या हातात द्या.